१९८९ पाहायचे तर बर्नाउअर श्ट्रासेला जावे: बर्लिन भिंत स्मारकाचे परीक्षण

बर्लिनच्या सहलीत भारतीय पर्यटकांना १९८९ हे वर्ष, म्हणजे बर्लिनची भिंत पडली ते वर्ष, बहुधा दोन ठिकाणी दाखवले जाते. पहिले चेकपॉइंट चार्ली, म्हणजे पूर्व आणि पश्चिम बर्लिनमधला जुना सीमानाका; दुसरे ईस्ट साइड गॅलरी, म्हणजे भिंतीचा चित्रांनी रंगवलेला भाग. बस थांबते, छायाचित्रे काढली जातात, आणि ‘भिंत पाहिली’ अशी नोंद होते. चेकपॉइंट चार्लीची पांढरी चौकी ही नंतर उभारलेली प्रतिकृती आहे. १९८९ मध्ये तेथे असलेली चौकी जून १९९० मध्ये क्रेनने उचलून नेण्यात आली. तेथे सैनिकी गणवेश घालून पैशांच्या मोबदल्यात पर्यटकांबरोबर उभे राहणाऱ्या मंडळींवर २०१९ मध्ये प्रशासनाने बंदी घातली, हे बरेच झाले. ईस्ट साइड गॅलरीतील भिंत मात्र खरी आहे, पण तिच्यावरची चित्रे १९९० मधली. १९८९ मध्ये तिची पूर्वेकडची बाजू कोरी होती आणि तिच्याजवळ कुंचला घेऊन जाण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. दोन्ही जागा पाहू नयेत असे मी म्हणणार नाही. परंतु ज्याला ते वर्ष समजून घ्यायचे आहे त्याने आपला मुख्य वेळ बर्नाउअर श्ट्रासेवरील बर्लिन भिंत स्मारकासाठी राखून ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे स्मारक म्हणजे एखादी इमारत किंवा पुतळा नव्हे. नॉर्डबानहोफ स्टेशनापासून माउअरपार्कच्या दिशेने, रस्त्याच्या पूर्व बर्लिनकडील बाजूने, सुमारे १.४ किलोमीटर लांब पसरलेला मोकळा पट्टा म्हणजे हे स्मारक. त्याला सोबत म्हणून रस्त्याच्या पलीकडे दोन इमारती आहेत: स्टेशनासमोरचे व्हिजिटर सेंटर आणि थोडे पुढे असलेले दस्तऐवज केंद्र. कोठेही प्रवेशशुल्क नाही. मोकळा पट्टा रोज सकाळपासून रात्रीपर्यंत खुला असतो. इमारती सोमवारी बंद असतात, आणि इतर दिवशी सकाळी १० ते सायंकाळी ६ या वेळेत उघड्या असतात. बाहेरचे फलक जर्मन आणि इंग्रजी अशा दोन भाषांत आहेत, त्यामुळे इंग्रजी वाचता येणाऱ्याला वाटाड्याची गरज पडत नाही.

नेमका हाच रस्ता का, हे कळल्याशिवाय येथील कोणतीच गोष्ट नीट कळत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर बर्लिनची वाटणी झाली तेव्हा या रस्त्याच्या दक्षिण बाजूची घरे सोव्हिएत विभागात गेली, पण घरांपुढचा पदपथ मात्र फ्रेंच विभागात राहिला. माणूस झोपायचा पूर्वेत आणि दार उघडून पाय ठेवायचा तो पश्चिमेत. १३ ऑगस्ट १९६१ रोजी पूर्व जर्मन सरकारने सीमा बंद केली तेव्हा या घरांच्या दर्शनी भिंती हीच सीमा झाली. दारे ठोकून बंद करण्यात आली, तळमजल्याच्या खिडक्या विटांनी बुजवण्यात आल्या, आणि वरच्या मजल्यांवरचे लोक खिडक्यांतून उड्या मारू लागले. खाली पश्चिम बर्लिनचे अग्निशामक दल जाळी धरून उभे असे. २२ ऑगस्टला इडा झीकमान या ५८ वर्षांच्या बाईंनी तिसऱ्या मजल्यावरून आधी गाद्या-उशा खाली टाकल्या आणि मग स्वतः उडी घेतली. त्या वाचल्या नाहीत. भिंतीपायी जीव गमावलेल्या त्या पहिल्या व्यक्ती. दुसऱ्या दिवशी त्यांचा वाढदिवस होता. महिनाभरातच या रस्त्यावरच्या सुमारे दोन हजार रहिवाशांना सक्तीने हलवण्यात आले, पुढे घरे पाडण्यात आली, आणि तळमजल्याच्या दर्शनी भिंती तेवढ्या कित्येक वर्षे सीमा म्हणून तशाच उभ्या राहिल्या.

आज त्या घरांच्या पायांचे अवशेष उकरून मोकळे ठेवलेले आहेत. स्मारकाच्या रचनाकारांनी घेतलेला सर्वांत शहाणपणाचा निर्णय असा की, जे नष्ट झाले ते त्यांनी पुन्हा बांधले नाही. भिंत जेथे शिल्लक आहे तेथे भिंत आहे. जेथे ती काढून टाकली गेली तेथे तिच्या रेषेवर गंजलेल्या रंगाचे उंच पोलादी गज ओळीने रोवलेले आहेत. दूरवरून तिरके पाहिले तर हे गज एकमेकांना चिकटून सलग भिंत दिसते, समोर येऊन उभे राहिले की त्यांच्यामधून आरपार जाता येते. शाळेची मुले तसे जातातही, आणि त्यात काही गैर वाटून घेण्याचे कारण नाही. पलायनासाठी रस्त्याखालून खणलेल्या भुयारांच्या वाटा जमिनीवर खुणा करून दाखवल्या आहेत. त्यांपैकी १९६४ च्या ऑक्टोबरात एका बंद पडलेल्या बेकरीच्या तळघरातून खणलेल्या भुयाराने ५७ माणसे पश्चिमेत आली. या खुणा मला स्वतःला गजांपेक्षाही अधिक बोलक्या वाटल्या, कारण त्यांवरून चालताना अंतराचा अंदाज येतो; कागदावर ‘भुयार’ वाचून तो येत नाही.

तपशिलांची अशी काटकसर सर्वांनाच मानवेल असे नाही. फलक न वाचता चालणाऱ्याला हा पट्टा एखाद्या लांबट बागेसारखा वाटू शकतो, आणि ज्यांना भिंत म्हणजे रंगीबेरंगी चित्रे अपेक्षित आहेत त्यांची येथे निराशा होईल. येथे वाचावे लागते, ऐकावे लागते. जागोजागी असलेल्या खांबांवर जुने ध्वनिमुद्रण ऐकण्याची आणि चित्रफिती पाहण्याची सोय आहे. हा सगळा मजकूर एका दमात संपवण्याचा हट्ट धरू नये. लहान मुले आणि थकलेले आजी-आजोबा बरोबर असतील तर पट्ट्याचा नॉर्डबानहोफकडचा भागच निवडावा. सर्वांत महत्त्वाच्या गोष्टी तेथेच आहेत.

त्यांपैकी एक म्हणजे स्मृतींची खिडकी. लोखंडी चौकटींच्या कोनाड्यांत भिंतीपाशी मृत्यू पावलेल्यांची छायाचित्रे आहेत. १९६१ ते १९८९ या काळात बर्लिनच्या भिंतीवर किमान १४० जणांचा बळी गेला, हा इतिहाससंशोधकांनी एकेक प्रकरण तपासून काढलेला आकडा आहे. १९८९ चा विचार करत येणाऱ्याने येथे दोन चेहरे आवर्जून शोधावेत. ख्रिस ग्वेफ्रॉय हा वीस वर्षांचा तरुण ५ फेब्रुवारी १९८९ च्या रात्री सीमा ओलांडताना गोळीबारात मारला गेला. गोळी घालण्याचा आदेश आता स्थगित झाला आहे असा त्याचा समज झाला होता. भिंतीवर गोळीने मेलेला तो शेवटचा. ज्या पहारेकऱ्यांनी त्याला अडवले त्यांना शाबासकी आणि रोख बक्षीस मिळाले. विनफ्रीड फ्रॉयडेनबर्ग हा अभियंता ८ मार्चला घरीच बनवलेल्या वायूच्या फुग्यातून उडाला आणि पश्चिम बर्लिनमध्ये कोसळून मेला. भिंत पडली त्याच वर्षातल्या या घटना आहेत. ‘१९८९’ म्हटले की भिंतीवर चढून नाचणारी गर्दीच तेवढी डोळ्यांसमोर येते. हे स्मारक ती सवय मोडते, आणि त्याची खरी कामगिरी मला यात दिसते.

दस्तऐवज केंद्राच्या मनोऱ्यावर जिन्याने किंवा लिफ्टने जाता येते. हे टाळू नये. वरून रस्त्याच्या पलीकडचा, सीमेची संपूर्ण रचना राखून ठेवलेला तुकडा दिसतो: पश्चिमेकडची मुख्य भिंत, मग वाळूचा पट्टा, पहारेकऱ्यांचा रस्ता, दिव्यांचे खांब, टेहळणीचा मनोरा आणि पूर्वेकडची आतली भिंत. खाली उभे राहून भिंत ही एक वस्तू वाटते. वरून पाहिल्यावर ती यंत्रणा असल्याचे ध्यानात येते. पश्चिम बर्लिनला वेढणारी ही यंत्रणा सुमारे १५५ किलोमीटर लांब होती, आणि २८ वर्षे ती सतत सुधारली जात होती. हा तुकडा दोन्ही टोकांना उंच पोलादी भिंतींनी बंद केलेला असून त्यात आत जाता येत नाही. १९९८ मध्ये स्मारकाचे उद्घाटन झाले तेव्हा ही रचना फारच अमूर्त आणि थंड असल्याची टीका झाली होती. दस्तऐवज केंद्राचा मनोरा नंतर, २००३ मध्ये झाला, आणि माझ्या मते त्यामुळेच मूळ रचनेला अर्थ आला. मनोऱ्याशिवाय पाहणाऱ्याला ती टीका आजही पटेल.

इमारतीतील कायमस्वरूपी प्रदर्शन २०१४ पासूनचे आहे आणि त्याच्या नावातच १९६१ आणि १९८९ ही दोन्ही वर्षे आहेत. मांडणी नेटकी आहे, मजकूर थोडका आणि नेमका आहे, आणि कोठेही भावना उचंबळून आणण्यासाठी अंधार व वाद्यसंगीत यांचा मारा नाही. तरीही येथे एक सूचना करणे आवश्यक वाटते. स्मारकाचा विषय भिंत आहे, आणि एका रस्त्यावर घडलेल्या गोष्टींवर उभे असणे हेच त्याचे सामर्थ्य आहे. परंतु भिंत ज्या वर्षी कोसळली ते वर्ष या रस्त्यावर घडले नाही. त्याचा मोठा भाग वॉर्सा, बुडापेस्ट, लाइपझिग आणि बीजिंग येथे घडला. ती मालिका डोक्यात घेऊन येणाऱ्याला हे स्मारक दुप्पट देते. कोरे मन घेऊन आलेल्याला ९ नोव्हेंबरची, भिंत खुली झाली ती रात्र आकाशातून पडल्यासारखी वाटण्याचा धोका आहे.

म्हणून जाण्यापूर्वी एवढे तरी लक्षात ठेवावे. २ मे १९८९ रोजी हंगेरीने ऑस्ट्रियाच्या सीमेवरील कुंपण काढायला सुरुवात केली. ७ मे रोजी पूर्व जर्मनीत स्थानिक निवडणुका झाल्या, आणि सरकारने अधिकृत उमेदवारांना ९८.८५ टक्के मते मिळाल्याचे जाहीर केले; मतमोजणीला हजर राहिलेल्या नागरिकांनी या आकड्यातला खोटेपणा उघड केला. ४ जून रोजी पोलंडमध्ये निवडणूक झाली आणि तिच्या दोन फेऱ्यांनंतर सिनेटच्या १०० पैकी ९९ जागा ‘सॉलिडॅरिटी’ या विरोधी कामगार संघटनेकडे गेल्या. त्याच दिवशी बीजिंगमध्ये चिनी लष्कराने तिआनआनमेन चौकाभोवती रणगाडे आणि गोळ्या यांनी आंदोलन चिरडले. पूर्व जर्मनीच्या संसदेने चार दिवसांत ठराव करून चीन सरकारला पाठिंबा दिला. एकाच तारखेला घडलेल्या या दोन घटनांनी त्या वर्षाचे दोन्ही संभाव्य रस्ते दाखवून दिले होते, आणि बर्लिनमधले सत्ताधारी कोणत्या रस्त्याचे कौतुक करत होते हेही स्पष्ट होते.

पुढचे सारे या पार्श्वभूमीवर वाचले पाहिजे. १९ ऑगस्टला हंगेरीतील शोप्रोनजवळ भरलेल्या ‘सहली’त सीमेचे फाटक काही वेळ उघडले आणि सहाशेहून अधिक पूर्व जर्मन नागरिक ऑस्ट्रियात निसटले, ११ सप्टेंबरपासून हंगेरीने त्यांना उघडपणे जाऊ दिले. प्रागमधील पश्चिम जर्मन दूतावासाच्या बागेत हजारो लोक चिखलात तंबू ठोकून राहिले होते. ९ ऑक्टोबरच्या सोमवारी लाइपझिगमध्ये सुमारे ७० हजार लोक रस्त्यावर उतरले तेव्हा ‘चिनी उपाय’ होईल ही भीती प्रत्येकाच्या मनात होती. गोळीबार झाला नाही. माझ्या दृष्टीने वर्षाचा खरा कणा ही तारीख आहे, ९ नोव्हेंबर नव्हे. त्या संध्याकाळी लोकांनी भीतीचा हिशेब चुकता केला, आणि नऊ दिवसांनी पूर्व जर्मनीचे सर्वोच्च नेते होनेकर पायउतार झाले. ४ नोव्हेंबरला अलेक्झांडरप्लाट्झवर लाखोंचा मेळावा भरला. मग ९ नोव्हेंबरला आले ते पत्रकार परिषदेतले प्रसिद्ध उत्तर. प्रवासाचा नवा नियम दुसऱ्या दिवशी, व्हिसासाठी अर्ज करण्याच्या अटीसह जाहीर व्हायचा होता. पक्षाचे प्रवक्ते ग्युंटर शाबोव्स्की यांनी कागद नीट न वाचता तो थेट प्रक्षेपणात ‘तात्काळ, विनाविलंब’ लागू असल्याचे सांगून टाकले.

आपल्याकडे त्या नोव्हेंबरात लोकसभेच्या निवडणुकीची धामधूम होती, आणि १५ तारखेला कराचीत सचिन तेंडुलकरची पहिली कसोटी सुरू झाली. पन्नाशी ओलांडलेल्या मराठी माणसाला त्या महिन्यातले हे दोन प्रसंग आधी आठवले तर नवल नाही. यामुळेच बहुधा भिंतीचे पडणे आपल्या मनात एका दूरच्या, सुखान्त बातमीच्या रूपाने राहिले आहे.

या रस्त्याला १९८९ मधला स्वतःचा असा एक प्रसंगही आहे. १० नोव्हेंबरच्या रात्री बर्नाउअर श्ट्रासे आणि एबर्सवाल्डर श्ट्रासे जेथे मिळतात तेथे भिंतीचे पहिले ठोकळे उचलून नवी वाट करण्यात आली, आणि ते काम पूर्व जर्मनीच्या सीमादलानेच केले. हातोडे घेतलेल्या गर्दीने भिंत पाडली ही समजूत दुरुस्त करण्यासाठी हे पुरेसे आहे. अधिकृत पाडकामही जून १९९० मध्ये याच रस्त्यावर सुरू झाले. भिंतीचे ‘अस्सल’ तुकडे शहरभरच्या दुकानांत प्लॅस्टिकच्या डबीत विकायला असतात. घ्यायचे असल्यास काँक्रीटची आठवण म्हणून घ्यावेत, त्यावरच्या रंगाच्या वयाची चौकशी करू नये.

स्मारकाच्या मध्यावर मातीचे एक लंबगोल प्रार्थनागृह आहे. येथे १८९४ पासून ‘समेट’ या नावाचे चर्च होते. सीमा आखली गेल्यावर ते दोन भिंतींच्या मधल्या निषिद्ध पट्ट्यात अडकले, पहारेकऱ्यांशिवाय कोणी आत जाईना, आणि जानेवारी १९८५ मध्ये सरकारने ते सुरुंगाने उडवून दिले. पाच वर्षेही झाली नव्हती तोच ज्या कारणासाठी ते उडवले ते कारणच संपले. २००० मध्ये त्याच जागी उभारलेल्या नव्या वास्तूच्या धोपटून घट्ट केलेल्या मातीत जुन्या चर्चच्या विटांचा चुरा मिसळलेला आहे. भिंतीजवळ जाऊन पाहिल्यास तो दिसतो. आठवड्यातील काही दिवशी दुपारी १२ वाजता येथे छोटी प्रार्थना होते आणि भिंतीवर मेलेल्या एका व्यक्तीचे चरित्र वाचले जाते. बाहेर, पूर्वीच्या मृत्युपट्ट्यात, राय या धान्याचे शेत आहे. कल्पना म्हणून हे थोडे सोपे वाटू शकते, पण ऐन शहरात, ट्रामच्या खडखडाटात वाढलेले पीक पाहून मी तरी ही शंका मागे घेतली.

व्हिजिटर सेंटरमध्ये माहितीपट, पुस्तके आणि स्वच्छतागृहे आहेत. मोकळ्या पट्ट्यावर मात्र सावली बेताची आहे आणि हिवाळ्यात वारा बोचरा असतो, तेव्हा त्या मानाने कपडे घालावेत. नॉर्डबानहोफ स्टेशनाच्या आतच ‘भुताटकीच्या स्टेशनां’वरचे विनामूल्य प्रदर्शन आहे. पश्चिम बर्लिनच्या काही भुयारी गाड्या पूर्व बर्लिनच्या खालून न थांबता जात आणि मधली स्टेशने पहाऱ्यात, अंधारात बंद असत. त्यांपैकीच हे एक स्टेशन. ते पाहूनच वर यावे, म्हणजे क्रम बरोबर लागतो. फ्रीडरिशश्ट्रासे स्टेशनाजवळचा ‘अश्रूंचा महाल’, म्हणजे पश्चिमेकडे परतणाऱ्या पाहुण्यांना नातेवाईक जेथे निरोप देत ते सभागृह, हेही विनामूल्य आहे आणि पासपोर्ट तपासणीच्या अरुंद खोल्यांसाठी पाहण्यासारखे आहे. मात्र हा महाल आणि स्मारक यांपैकी एकच जमणार असेल तर प्रश्नच उद्भवत नाही: स्मारकच पाहावे.

९ नोव्हेंबरची रात्र जेथे घडली ती जागा पाहायची असेल तर नॉर्डबानहोफहून उत्तरेकडे जाणारी एस-बान (शहरी रेल्वे) पकडून तिसऱ्या स्टेशनावर, बोर्नहोल्मर श्ट्रासेला उतरावे. स्टेशनाबाहेरच बोझे पूल आहे. शाबोव्स्कींचे बोलणे ऐकून त्या रात्री सर्वाधिक गर्दी येथील नाक्यावर झाली. नाक्यावरचे अधिकारी हाराल्ड येगर वरिष्ठांना पुन्हा पुन्हा दूरध्वनी करत राहिले आणि त्यांना स्पष्ट आदेश मिळेना. आधी जास्त आरडाओरडा करणाऱ्यांना बाहेर सोडावे आणि त्यांच्या ओळखपत्रातील छायाचित्रावर शिक्का मारून त्यांना परत येऊ देऊ नये, अशी युक्ती वरून सुचवण्यात आली. तिने गर्दी आणखी वाढली, आणि रात्री साडेअकराच्या सुमारास येगर यांनी स्वतःच्या जबाबदारीवर फाटक उघडले. आज तेथे आतल्या भिंतीचा एक तुकडा, त्या रात्रीची मोठी छायाचित्रे, जमिनीत बसवलेल्या पट्ट्यांवर घटनाक्रम आणि चेरीची झाडे एवढेच आहे. बाजूला सुपरमार्केट आहे. तिकीट नाही, रांग नाही, वेळेचे बंधन नाही, आणि पर्यटक तुरळक. स्मारकाला अर्धा दिवस दिला असेल तर या जागेला पाऊण तास पुरतो. सोमवारी बर्लिनमध्ये असाल तर मनोरा आणि प्रदर्शन हुकतील; अशा वेळी आधी पुलावर जाऊन, मग बर्नाउअर श्ट्रासेचा मोकळा पट्टा पायी पाहावा आणि इमारती दुसऱ्या दिवसासाठी ठेवाव्यात.